कांताचा घासलेला अंगठा

हसू नका वो, पण कांताचं पिवळं रेशनकार्ड पाहून माह्या पोटात दुखे. भातकुलीत आमच्या शेजारीच रायते ती. घरात दोनच माणसं, अन् धान्य पस्तीस किलो! आमी चौघं, कार्ड केशरी, तं वीसच.

परवा रेशनच्या रांगेत ती माह्या पुढं. मशीनवर तिनं तीनदा अंगठा ठेवला, तीनदा नापास. दुकानदार म्हने, "मावशी, रेषाच घासल्या तुमच्या. आता धान्य कसं देऊ?"

खोटं कायले बोलू, मले मनातून गुदगुल्याच झाल्या. मी पुढं सरकली. माहा अंगठा पयल्याच बारीले लागला. म्हटलं, "पाह्य कांते, असा रायते अंगठा!"

मेथीच्या जुड्या बांधू बांधू काळे पडलेले हात पदराले पुसत कांता म्हने, "लागनच ना वो. नवा कोरा हाये तुहा. कामाले कधी लावला तुनं त्याले?"

सारी रांग हसली. वरून दुकानदारानं तिचा डोळा मशीनले दाखवला अन् पुरे पस्तीस किलो मोजून देले.

घरी आली अन् सुनेच्या हातचं भांडं ओढलं. म्हटलं, "सरक, आजपासून मी घासतो. पुढच्या मयन्यात माहा अंगठा लागला नाई पायजे!"