पहिलं नको

—छे हो, आहारवाल्या बाई, तुमच्यावर कसला राग? लेक बरा केलात माझा. बसा. सून दुकानात त्याचा डबा द्यायला गेलीय, येईल इतक्यात. तोवर गोष्ट ऐका. एक होती म्हातारी, एक तिचा शिंपी लेक, आणि एक सून. म्हातारी कोण ते विचारू नका — गोष्टीतली आहे. त्या घरात एक रीत होती. पहिलं ‘नको’ लाजेचं, दुसरं मानाचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्या नकोपर्यंत वाढणारीनं हात आखडायचा नाही. म्हातारी नवी नवरी होती तेव्हा तिच्या सासूनंच शिकवलेलं — पहिल्या झटक्यात हो म्हणते ती हावरट. मग काय, जन्मभर पहिलं नको, दुसरं नको. लेकालाही तसंच वाढायची. तो म्हणायचा, आई, पुरे — ही म्हणायची, माझ्या हातचा एवढा — की पडलाच भात. मशीनवर बसून बसून लेक असा सुटला की गिऱ्हाइकांचे कपडे राहिले बाजूला, स्वतःच्याच पँटी उसवून मोकळ्या करत बसायचा. हसायचो आम्ही. — हसायचे ते, गोष्टीतले.

मग एकदा सुनेनं त्याचा मोजा उतरवला, तर तळव्यात टाचणी. मोज्यातून आत रुतलेली, रक्त सुकलेलं, आणि ह्याला पत्ताच नाही. शिंप्याला टाचणी कळेना, म्हणजे राहिलं काय? साखर निघाली. औषधं डॉक्टरांनी दिली, पण जेवणाचं तुम्ही सांगितलंत. अर्धं ताट भाजी, भात मुठीएवढा, जेवल्यावर जरा चाला, आणि — हे तुमचंच वाक्य — ‘पहिलं नको खरं माना.’ एवढंच.

सुनेनं मानलं की. सगळ्यांचंच मानलं. लेक नको म्हणाला, पातेलं उचललं. म्हातारी नको म्हणाली, पातेलं उचललं. म्हातारी आपली ताटावर हात धरून बसलीय — आता विचारेल, आता विचारेल — तर आतून भांडी घासल्याचा आवाज. सून वाईट नाही हो, गुणाची आहे. पण म्हातारीचं नको अजून लाजेचंच आहे, हे तिला सांगणार कोण? तोंड नाही का, म्हणाल. आहे ना. पण ‘वाढ गं’ असं ह्या तोंडातून कधी निघालंच नाही, ते आता दात पडल्यावर कुठून शिकू? आणि भुकेचं काय हो, तांब्याभर पाणी प्यायलं की गप्प बसते. दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही, ते मात्र पाण्यानं — जाऊ दे. काय सांगत होते?

हां, शेवट. शेवट गोड आहे. लेकाची साखर उतरली, पँटी आता आत घेतो. परवा तळव्याला टाचणी लागली तर असा कळवळला, की सून दारात उभी राहून रडता रडता हसायला लागली. टाचणी टोचली म्हणून घरात आनंद, ऐकलंय कुठे? भाग्य आलं घरात. आलं, खोटं कशाला बोलू.

चहा टाकू तुम्हाला? बिनसाखरेचा टाकते. — नको?

बरं. नको तर नको. या मग आता, आणि जाताना दार तेवढं लोटून घ्या.