पेटवून दिलेली बिडी

“आजी, तुम्ही बिडी ओढता का?”

तालुक्याच्या एका दवाखान्यात, फुप्फुसांच्या तपासणीच्या रांगेत, मयूरीने बेधडक विचारून टाकलं. शाळेतून दवाखाना बघायला आलेल्या मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ अशी पैजच लावली होती. त्या खांबाआड तोंड दाबून हसत होत्या.

धाप लागलेल्या आजी मुळीच चिडल्या नाहीत.

“न्हाई गं बाये. ओढायचे ते हे, आमचं मालक. मी निस्ती पेटवून द्यायचे.”

“म्हणजे कशी?”

“चुलीपाशी बसायचं, बिडी व्हटात धरायची, दोन झुरके मारायचे. धरली की ह्यांच्या हातात.”

“अगं, त्यालाच ओढनं म्हनत्यात!” शेजारचे आजोबा म्हणाले.

“काय तरीच! दिली की नुसती पेटवून.”

“दिसाला किती, ते सांग की पोरीला.”

“इस-पंचीस. लगीन झाल्यापासनं. सुनंला सुदिक हात लावू दिला न्हाई मी.”

“मला बिडी सोडून धा वर्सं झाली. आन् दम लागतोय हिला.”

“जाऊ द्या वो. तुमाला तरी कुठं ठावं हुतं?”

नर्स कागद घेऊन आली. “हल्ली बिडी न ओढणाऱ्या बायकाच जास्त येतात बघा. आजी, व्यसन काही?”

“न्हाई.”

“हाय म्हनून लिव्हा,” आजोबा म्हणाले. “माझं हुतं, पर तिच्या कागदावर लिव्हा.”

पैज मयूरीने जिंकली होती, पण ती मैत्रिणींकडे वळलीच नाही.

संध्याकाळी पप्पांनी नेहमीसारखी हाक मारली, “मयू, टपरीवरून सिगारेटचं पाकीट आण गं.”

“पप्पा, आजपासून तुमचं पाकीट मी आणणार नाही. आणि आई, तूही जायचं नाहीस.”