अंकुशच्या नावाचं रक्त

वाणगावच्या दवाखान्यातली ओपीडी संपली, तरी डॉक्टर हेमालीला खुर्चीतून उठवेना. सकाळीच तिनं लाडकीला तिचा, नवरा अंकुशचा आणि पोराचा सिकलसेलचा रिपोर्ट समजावला होता, तोही सासूदेखत. आता खिडकीबाहेरच्या बाकावर लाडकी आपल्या आईशी बोलत होती, ते हेमालीला आत ऐकू येत होतं.

"आये, हा रोग आईबाप दोघांकडून येतो म्हनं. माज्यात हाय, अंकुशच्यात नाय. मंग पोरात आला कुठून, इचारते सासू."

"पन तपासनी झाली तवा अंकुश वीटभट्टीवर व्हता ना?"

"व्हता."

"मंग रगत दिलं कोनी?"

"माज्या दिरानं. यादीत अंकुशचं नाव व्हतं, नर्सबाय हाका मारत व्हती. घरातलंच रगत, म्हनला, अन् केला हात पुढं."

"मंग सांग की सासूला!"

"सांगितलं. दीर आता नाय म्हनतो."

"अन् अंकुश? त्याला तं ठावं हाय."

"हाय."

"मंग तो कसा बोलत नाय?"

"बोलला तर सोताचं रगत द्यावं लागंल, आये. अन् त्यात निघालं तर दोष त्याचा. त्यापरीस माज्यावर बरा."