एक जूनचं लेकरू

गोरेगावात सेनगावची जीप भरायची वाट बघत उभी होती. जीपमध्ये बसलेल्या दीपमालाच्या मांडीवर लेकीचा फुटबॉल अकादमीचा फॉर्म होता. मागच्या सीटवर सटवाजी आणि त्याची धाकटी बहीण शकुबाई बोलत होते.

“दादा, तुझा शिवशंकर काहून परत आला अकादमीतून?”

“मनगटाचा फोटो काढला त्यायनं. हाडं सोळाची निघाली, कागदावर चौदा.”

“मग खरं कोणतं?”

“मला काय ठाव? मेंढरं घेऊन रानात होतो, तवा झाला. शाळेत घालताना मास्तरला म्हणलं, तुमीच टाका तारीख. त्यानं एक जून टाकली. सगळ्या लेकरायची तीच टाकली.”

“त्यात पोराचा काय गुन्हा?”

“वय चोरलं म्हणे. तीन वर्षं कप जिंकून देत होता, तवा कोणाला हाडं दिसली न्हाईत.”

“आता काय करून राहिला?”

“मेंढरामागं जातो. काल म्हणे, बाबा, मी कवा झालो, तेवढं तरी ध्यानात ठेवायचं होतं.”

दीपमालानं फॉर्म उघडला. शाळेच्या दाखल्यावरून तिनंच लिहिलं होतं: प्रियंका, जन्मतारीख एक जून.

प्रियंका पोळ्याच्या दिवशी झाली होती.