डोंबलाचा हुंदका

नाही, पण सुरात वाजवलं म्हणून माणूस नापास? तुम्हाला सांगतो, ऐकलंय का असं कुठे? अर्धं आयुष्य स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांत गिटार वाजवण्यात गेलं. गाणं गायकाचं, चाल संगीतकाराची, कॅसेटच्या कव्हरवर नावं त्या दोघांची... आणि वाजवलं कोणी? मी! म्हटलं पुरे झालं, कॉलेजात शिकवू, कायमची नोकरी तरी मिळेल... तर कायम होण्याआधी म्हणे विभागप्रमुखांसमोर वर्ग घेऊन दाखवा!

हे विभागप्रमुख गिटारला हात लावतात तो फक्त बाजूला सरकवायला! 'गिटारमधील वेदना' या विषयात डॉक्टरेट! बसले शेवटच्या बाकावर, मांडीवर फाईल... आणि धड्याला गाणं कुठलं? मी वाजवलेलं! मधल्या गिटारच्या तुकड्यात एक सूर किंचित उतरलाय, त्यावर यांनी अख्खं प्रकरण लिहिलंय, 'हा सूर म्हणजे हुंदका आहे, हुंदका!'

कसला डोंबलाचा हुंदका! तार उतरली होती हो! रेकॉर्डिंग चालू असताना खुंटी सैल झाली. मी म्हणतोय 'परत घेऊ या', तर संगीतकार काचेपलीकडून ओरडतोय, 'चालतंय रे, गिटार ऐकतंय कोण! पुढचे लोक बाहेर खोळंबलेत!'

मी आपला वर्गात तार नीट लावून तुकडा स्वच्छ वाजवला. तर पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणते, 'सर, हुंदका राहिला!' लगेच मागून हे उठले, 'तुम्ही मूळ वादकाचा अभ्यासच केलेला दिसत नाही!' म्हटलं, साहेब, कसला मूळ वादक? वाजवलं कोणी? मी! तर गालातल्या गालात हसून म्हणतात, 'असं सांगणारे तुमच्याआधी दोघं येऊन गेले.'

चिडून संगीतकाराला फोन लावला. म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना, वाजवलं कोणी? तर म्हणतो, 'त्या गाण्यात गिटार होती?'

घ्या! आता पुढच्या महिन्यात पुन्हा वर्ग घ्यायचाय, तोही पसंत पडला नाही तर घरी बसा! म्हणून सध्या रोज सकाळी खुंटी सैल करून हुंदका घोटतोय. बायको आतून ओरडते, 'अहो, जरा सुरात वाजवा की! जीव नकोसा झालाय ऐकून!'

म्हटलं, सवय कर बाई... कायम झालो की आयुष्यभर हेच वाजवायचंय.