पलंगाखालची शेगडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या जिल्ह्यात घरं उबदार करण्याची योजना चालवणाऱ्या श्रीमती हॅलोवेल, व्यासपीठावरचे आदरणीय फादर ऑनेसिम, सत्कारमूर्ती आर्मांदभाऊ मिशो आणि सेंट ओडिल गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लॉरेट तेरियो. शाळेची शेवटची परीक्षा पास झाले, त्यानंतर घर आणि चर्च. महिला मंडळाचा हिशेब मी ठेवते, म्हणून भाषणही मीच करावं असं ठरलं. हिशेबवाली बाई थोडक्यात बोलते, असा तुमचा समज असावा. बघू या.

सव्वीस वर्षं आर्मांदभाऊंनी आपल्यासारख्या गरिबांच्या घरांतल्या फटी बुजवल्या. दारात लाल कापड ताणून त्यात तो मोठा पंखा बसवायचा, पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला की जिथून वारा आत घुसेल तिथे हात धरायचा आणि म्हणायचं, "मावशी, इथून तुमचं भट्टीचं तेल आभाळात जातंय बघा." त्यांनी आमच्या भिंतींत ऊब धरणारं भरण घातलं, त्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या बादलीवर पहिल्यांदाच बर्फ धरला नाही. देव त्यांचं भलं करो.

मग निवृत्तीला दोन वर्षं असताना ते आधीच का निघालेत? इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 'तेरियोंच्या घरी तपासणीत चुकले.' गेल्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर तू हेच म्हणालीस ना, क्लोवी?

नियम तुम्हाला माहीत आहे. धुराडं नसलेली रॉकेलची शेगडी घरात असेल, तर फटी बुजवत नाहीत. कोंडलेल्या घरात तिचा वायू माणसाचा जीव घेतो. शेगडी निघेपर्यंत आणि तळघरातली भट्टी दुरुस्त होईपर्यंत नाव यादीच्या तळाला. म्हणजे दोन हिवाळे. पण वीज गेली की भट्टी बंद पडते आणि शेगडी पेटते, मग ती टाकणार कोण? म्हणून आपण काय करतो? तपासणीच्या आदल्या दिवशी ती गोधडीत गुंडाळून शेजारणीकडे ठेवतो. शेजारणीची पाळी आली की तिची आपल्याकडे. हसू नका.

माझ्या नवऱ्याची, जेरारची, दुखरी छाती दोन हिवाळे थांबणारी नव्हती. शेजारच्या बटाट्याच्या कोठारात आधीच दोन शेगड्या होत्या, म्हणून आमची मी पलंगाखाली सारली.

"लॉरेटवहिनी, आणखी शेगडीबिगडी?" आर्मांदभाऊंनी विचारलं.

"नाही."

"नक्की? रॉकेलचा वास येतोय."

"जेरारच्या कोटाला येतो. तुमचं नाक आहे की शिकारी कुत्र्याचं?"

ते हसले. माझ्या हातात जपमाळ होती, तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर 'नाही' लिहिलं. नवराबायकोच्या पलंगाखाली डोकावणारा तो माणूस नाही.

पुढच्या वर्षी उपवासाच्या दिवसांतला शुक्रवार. बर्फाने तारा तुटल्या, भट्टी थंड. दुपारी मी शेगडी पेटवली. आर्मांदभाऊंनीच भिंतीवर लावलेली, विषारी वायू ओळखणारी धोक्याची घंटा केकाटू लागली. मला वाटलं, सेल संपला. जेरार झोपले होते, म्हणून मी ती उतरवून फडक्यात गुंडाळली. डोकं ठणकत होतं. उपवासाने असेल म्हटलं आणि जप करत बसले.

वीज गेलेल्या घरांची चौकशी करत आर्मांदभाऊ आले नसते, तर आज मी इथे उभी नसते. त्यांनी आम्हा दोघांना ओढत बर्फात आणलं. मी सावरले. जेरार तिसऱ्या रांगेत बसलेत. कधी कधी माझं नाव विसरतात... हो जेरार, भट्टी चालू आहे. बसा.

चौकशीचे साहेब आमच्या घरी आले, तेव्हा आर्मांदभाऊ एवढंच म्हणाले, "मी पलंगाखाली पाहायला हवं होतं." मी कॉफी ओतत होते. नंतर पायरीवर त्यांना म्हटलं, मी खरं सांगते. तर म्हणाले, "वहिनी, योजनेचा सगळा खर्च तुमच्याकडून मागतील. जेरारला कोण बघणार? राहू द्या."

मी राहू दिलं. चौदा महिने. पापनिवेदनात फादरना सांगितलं, पण त्यांना ते कुणाजवळ बोलता येत नाही, आणि तेच मला सोयीचं होतं.

श्रीमती हॅलोवेल, आर्मांदभाऊंनी विचारलं होतं. दोनदा. खोटं मी बोलले. कागदावर घ्या, जेवणाआधीच सही करते. खर्च मागाल तर तोही सोसेन. पण या माणसाच्या नावापुढे लिहिलेलं 'तपासणीत चुकले' हे वाक्य खोडा.

पियानोशेजारी गोधडीखाली कसली भेट आहे, असं सगळ्याजणी विचारत होत्या. ती आमची शेगडी आहे. परत नेणार नाही. तिच्या शेजारी अजून जागा आहे. कुणाचं नाव घेत नाही, क्लोवी.

मंडळाच्या भगिनींनी प्लोयची धिरडी आणि कोंबडीचा रस्सा केला, फादरनी सभागृह दिलं, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. आज बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशी जे बोलले, त्याची क्षमा मात्र मी फक्त आर्मांदभाऊंकडे मागते. आणि भाऊ, सवयीप्रमाणे लगेच देऊन टाकू नका.