निजवलेला हात

मलकापूरच्या दवाखान्यात उमाताई नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी फौजेतून निवृत्त झालेले नाथाजी, आणि त्यांच्या मांडीवर नात शिवांजली. तिचा मोडलेला हात नुकताच बसवून प्लास्टरमध्ये घातला होता.

“आबा, ह्यो हात माझा न्हाई. बोटाला चिमटा काढला तरी कळंना.”

“तुझाच हाय गं. डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन देऊन निजवलाय त्यो.”

“आन् उठल्यावर?”

“दुखंल जरा. म्हणून त्यो उठायच्या आधी, आत्ताच ह्ये औषध पाजा म्हणालेत. दुखत न्हाई तवर औषध! म्या फौजेत कवा गोळी खाल्ली न्हाई.”

“खाल्ली असती तर घरी कसं आला असता?”

“आगं, दुखण्यावरची गोळी!”

“मला पाजा की लवकर. उठंल त्यो.”

“बरं बाई. आ कर. झालं?”

“झालं. आता हळू बोला. निजू द्या त्याला.”

“बोलतो हळू,” नाथाजी कुजबुजले.

तेवढ्यात दारातून सिस्टर ओरडल्या, “उमा गोखले!”

“श्श!” आजोबा आणि नात एकदमच म्हणाले.

उमाताई उठल्या, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता आत गेल्या.